मोटारीच्या आधी आडनाव

«ताई, बीड जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी माझं शेतपंपाच्या मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे. माझं म्हणजे आमचं. आयटीआयला सोबत असलेल्या मित्राबरोबर अकरा वर्षांपूर्वी निम्म्या-निम्म्या भागीदारीत टाकलं. तो दुसऱ्या समाजाचा. कधी काही अडचण आली नाही. दोन वर्षांपासून सगळं बिघडायलंय. दोन्ही समाजांच्या ग्रुपवर 'त्यांच्या दुकानात जायचं नाही' असे मेसेज फिरतात. आमचं दुकान दोघांचं, म्हणून दोन्हीकडचं गिऱ्हाईक तुटलं. ते एक वेळ सोसलं असतं. पण ताई, माझंच मन फिरायलंय. दुकानात माणूस आला की मी मोटारीच्या आधी आडनाव बघायलोय. भागीदाराच्या गावच्या एकाकडं चौदा हजार थकलेत. परवा तोंडातून निघून गेलं, 'ही लोकं अशीच.' भागीदार समोरच होता. काही बोलला नाही, कॉईल भरत राहिला. तो तसा नाही ताई, त्यांच्यातला असून लई चांगलाय. त्याच्या पुतणीच्या लग्नाला मी गेलो नाही, ताप आलाय म्हणून सांगितलं. पोरगं सहावीत आहे, तेही आता 'आपल्यातली टीम' म्हणून क्रिकेट खेळायलंय. वडील म्हणतात, आता आपलं वेगळं कर. मी असा नव्हतो. हे माझ्यात आलं कुठून? आणि भागीदारी मोडू का?»

भाऊ, तुम्ही पत्रात दोघांच्याही जाती लिहिल्या होत्या. मी त्या छापल्या नाहीत. छापल्या असत्या तर निम्म्या वाचकांनी पुढचं वाचण्याआधीच कोण बरोबर ते ठरवून टाकलं असतं. तशी बीड जिल्हा म्हटल्यावर बऱ्याच जणांनी अंदाज बांधलाच असेल. बांधणाऱ्यांनी एवढंच बघावं, की तो बांधायला किती वेळ लागला. तुमचं मन दुकानात जे करतंय तेच त्यांच्या मनानं इथं केलं.

आधी त्या चौदा हजारांचं बोलू. तुम्ही पत्राच्या शेवटी, मी न छापलेल्या भागात, दुसऱ्याच कशाच्या तरी ओघात, लिहिलंय की तुमच्या चुलतभावाकडंही बावीस हजार थकलेत, पण 'त्याचं सोयाबीन पाण्यात गेलं, त्याच्याकडून कुठून येणार'. मी हे वाचून थांबलेच. चौदा हजारवाला 'अशीच लोकं' झाला आणि बावीस हजारवाला 'परिस्थितीनं गांजलेला'. त्या चौदा हजारवाल्याचं सोयाबीन काय डोंगरावर होतं? पाऊस त्याच्या शिवारातही तेवढाच पडला ना?

आपल्या माणसाचं चुकलं की आपण परिस्थितीकडं बोट दाखवतो, दुसऱ्याच्या माणसाचं चुकलं की त्याच्या रक्ताकडं. टॉमस पेटिग्रू नावाच्या अमेरिकन समाजमानसशास्त्रज्ञानं 1979 मध्ये यावर सविस्तर लिहिलं. त्याचा दुसरा भाग तर जास्त मजेशीर आहे. समोरच्या गटातला कुणी चांगला वागला, तर आपण आपलं मत बदलत नाही, त्या माणसालाच गटातून बाहेर काढतो. म्हणतो, तो अपवाद आहे, त्याचं शिक्षण चांगलं झालंय, तो आपल्यात राहून तसा झालाय. तुमचं वाक्य पुन्हा वाचा. 'त्यांच्यातला असून लई चांगलाय.' अकरा वर्षं शेजारी बसलेला माणूस तुम्ही एका 'असून'मध्ये बाजूला काढला आणि बाकीच्यांबद्दलचं मत जसंच्या तसं ठेवलं. असे अपवाद किती जमले म्हणजे नियम बदलेल, ते एकदा ठरवून टाका.

तुम्हाला टोचायचं म्हणून हे लिहीत नाही. मीही यातूनच आले आहे. आमच्या घरी कोनाड्यात एक कप पालथा ठेवलेला असायचा. निळ्या काठाचा, कान तुटलेला. शेतावर राबणारा एक म्हातारा सकाळी यायचा, त्याला आई त्यातून चहा द्यायची. आईसारखी मायाळू बाई गावात नव्हती. त्याच्या लेकीच्या बाळंतपणाला तिनं घरचं तूप दिलं होतं. पण कप वेगळा. सहा-सात वर्षांची असताना मी खेळता खेळता त्या कपानं पाणी प्याले. आई ओरडली नाही, मारलं नाही. तिनं मला न्हाणीत नेलं आणि चूळ भरायला लावली. बस, एवढंच. कुणाबद्दल वाईट शब्द नाही, काही समजावणं नाही. पण त्या चुळीनं जे शिकवलं ते विसरायला मला पुढं मानसशास्त्राची पदवी, वीस वर्षांची प्राध्यापकी आणि बरीच लाज एवढं सगळं लागलं. पूर्वग्रहाला द्वेष लागतोच असं नाही. तो तूप देणाऱ्या हातांनीही पुढं जातो.

आता 'आलं कुठून' हा तुमचा प्रश्न. याचं पहिलं उत्तर जरा निराश करणारं आहे. माणसाला गट पाडायला कारण लागत नाही. हेन्री ताजफेल नावाच्या मानसशास्त्रज्ञानं इंग्लंडमधल्या ब्रिस्टल इथं 1970 च्या सुमारास शाळेतल्या चौदा-पंधरा वर्षांच्या मुलांवर प्रयोग केले. पडद्यावर ठिपके दाखवले, किती ते विचारलं आणि सांगितलं, तुम्ही ठिपके जास्त मोजणारे, तुम्ही कमी मोजणारे. खरं तर वाटणी चिठ्ठ्या टाकल्यासारखी होती. गटात कोण आहे हेही मुलांना माहीत नव्हतं. मग प्रत्येकाला इतरांमध्ये पैसे वाटायला दिले, स्वतःला घ्यायचे नाहीत. मुलांनी आपल्या गटाला झुकतं माप दिलं. इथवर समजण्यासारखं आहे. पण आपल्याला एकोणीस आणि समोरच्यांना पंचवीस देता येत असतानाही, त्यांचा कल आपल्याला कमी मिळाले तरी चालतील पण त्यांच्यापेक्षा जास्त हवेत, याकडं होता.

दुकानावरचा बहिष्कार आठवा. मोटार जळालेला शेतकरी तुमचं दुकान टाळून वीस किलोमीटर लांब जातो, टेम्पोचं भाडं भरतो, दोन दिवस पिकाचं पाणी खोळंबवतो. स्वतःचं नुकसान झालं तरी चालेल. हा त्या ठिपक्यांचाच हिशेब आहे.

हा ताजफेल मूळ पोलंडचा ज्यू. दुसऱ्या महायुद्धात फ्रेंच सैन्यात होता, जर्मनांच्या कैदेत सापडला. तो पोलंडचा आहे हे त्यांना कळलं नाही, म्हणून वाचला. सुटून आला तेव्हा घरचं जवळजवळ कुणीच उरलं नव्हतं. ठिपक्यांवरून माणसं वाटण्याचा खेळ त्यानं कुठल्या दुःखातून मांडला असेल, असं मला वर्गात शिकवताना नेहमी वाटायचं.

पण नुसते गट पडले म्हणजे वैर होतं असं नाही. तुम्ही दोघं अकरा वर्षांपूर्वीही वेगवेगळ्या समाजांचेच होतात. मग आताच का? 1954 मध्ये अमेरिकेतल्या ओक्लाहोमा राज्यात मुझफ्फर शेरीफ या मूळच्या तुर्की संशोधकानं अकरा-बारा वर्षांच्या 22 मुलांचं शिबिर भरवलं. सगळी सारख्याच घरांतली. दोन गट केले, रस्सीखेच आणि बेसबॉल लावला, बक्षीस एकाच गटाला. आठवड्याभरात झेंडे जाळणं, सामान उधळणं, शिव्या सुरू झाल्या. बक्षीस एक आणि हात दोन, एवढ्यानं हे घडलं.

आपल्याकडं बक्षिसं किती आहेत? बापाला दहा एकर, चौघा भावांत वाटून पोराला अडीच. सोयाबीनच्या भावाचं तुम्हाला मी काय सांगू. पोलीस भरतीला हजारो पोरं धावतात, जागा बोटांवर मोजण्याइतक्या. 2016 च्या मार्चमध्ये लातुरात पाण्याच्या टाक्यांभोवती भांडणं होऊ नयेत म्हणून जमावबंदीचं 144 कलम लावावं लागलं होतं आणि एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं. जिथं हंड्यासाठी कलम लावावं लागतं तिथं शेजारी हा आधी 'रांगेत माझ्या पुढं उभा असलेला' होतो. आरक्षणाच्या वादात कोण बरोबर यावर मी इथं बोलणार नाही. दोन्हीकडच्या पोरांची घालमेल खरी आहे. मात्र ते मागणं सरकारकडं आहे. सरकार मुंबईत बसतं, हाताशी सापडत नाही. भागीदार समोर कॉईल भरत बसलेला असतो.

शेरीफच्या प्रयोगाची एक बाजू कमी सांगितली जाते. आदल्या वर्षी त्यानं असलंच शिबिर भरवलं होतं आणि ते फसलं. कारण गट पाडण्याआधी मुलांची एकमेकांशी ओळख झाली होती. ती भांडेनातच, उलट आयोजकच काहीतरी खोड्या करतायत असा त्यांना संशय आला. म्हणजे भांडण आपोआप पेटत नाही, कुणीतरी फुंकर घालत बसावं लागतं. तुमच्या ग्रुपवर एकशे ऐंशी माणसं आहेत म्हणता. एक काम करा. एका रविवारी महिनाभराचे मेसेज मागं जाऊन बघा आणि असला मजकूर टाकणारी वेगवेगळी माणसं किती, ते वहीत मोजा. माझा अंदाज दहाच्या आत. बाकीचे एकशे सत्तर तुमच्यासारखेच गप्प आहेत आणि प्रत्येकाला वाटतंय, आपण सोडून सगळ्यांना हे पटलंय.

त्यात आपल्या मनाची एक खोड. छोट्या गटातल्या माणसानं एखादं वाईट काम केलं, तर दोन्ही गोष्टी दुर्मीळ म्हणून त्यांची गाठ मनात पक्की बसते. हॅमिल्टन आणि गिफर्ड या दोन मानसशास्त्रज्ञांनी 1976 मध्ये हे प्रयोगात दाखवलं. वाईट वागण्याचं प्रमाण दोन्ही गटांत सारखंच ठेवलं होतं, तरी लोकांना छोटा गटच जास्त वाईट वाटला. मोबाइलवर तर एकच व्हिडिओ दिवसातून सात वेळा येतो. मन त्याला सात घटना समजतं.

आणि घरातल्या गोष्टी. 1948 चं साल घ्या. आपल्याकडं काही घरांत रझाकारांनी काय केलं ते सांगतात, काही घरांत पोलीस ॲक्शननंतर काय झालं ते. दोन्ही खरं. पण आपल्यावर काय बेतलं एवढंच नातवंडांपर्यंत पोचतं. आपल्या माणसांनी काय केलं, ते म्हातारी माणसं सोबत घेऊन जातात.

इथं एक गोष्ट नीट वेगळी ठेवायला हवी. तुम्हा दोघांचे समाज गावात साधारण बरोबरीनं उभे आहेत, दोघांकडं जमीन आहे, दोघांचे पुढारी आहेत. मराठवाड्यातला प्रत्येक पूर्वग्रह असा दोन्ही बाजूंनी सारखा नसतो. 27 जुलै 1978 ला विधिमंडळानं मराठवाडा विद्यापीठाला डॉ. आंबेडकरांचं नाव देण्याचा ठराव केला आणि गावोगावी दलित वस्त्या जाळल्या गेल्या. ते नाव लागायला 14 जानेवारी 1994 उजाडावा लागला, तेही नामांतर नव्हे, नामविस्तार म्हणून. एका पाटीसाठी साडेपंधरा वर्षं. त्याला 'दोन गटांतला गैरसमज' म्हणणं म्हणजे जळालेल्या घराला गैरसमज म्हणणं. अर्थतज्ज्ञ सुखदेव थोरात आणि समाजशास्त्रज्ञ पॉल अटवेल यांचा 2007 मधला अभ्यास आहे. खासगी कंपन्यांच्या जाहिरातींना सारख्याच शिक्षणाचे अर्ज पाठवले, बदललं ते नाव. दलित आणि मुस्लिम नावांना पुढं बोलावण्याची शक्यता कमी निघाली. अर्ज चाळणारे साहेबही मोटारीच्या आधी आडनावच बघत होते.

तुमच्याच जिल्ह्यात 2025 मध्ये पोलिसांनी टेबलावरच्या पाट्यांवरून आडनावं काढली, नुसतं पहिलं नाव ठेवलं. चांगलं केलं. तक्रार घेऊन आलेल्या माणसाला दारातच हिशेब करावा लागत नाही. पण आपला मुलूख तुम्हाला ठाऊक आहे. आडनाव झाकलं की 'गाव कोणतं?' त्यानं भागलं नाही की 'पाव्हणे कुठले?' तिसऱ्या प्रश्नाला जात हातात.

तर मग भागीदारी. मोडू नका. भावनेपोटी सांगत नाही. गॉर्डन ऑलपोर्ट या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानं 1954 मध्येच लिहून ठेवलंय की नुसतं एकत्र आणून पूर्वग्रह जात नाही. बरोबरीचा दर्जा लागतो, काम एक लागतं, ते एकमेकांच्या मदतीशिवाय होणारं नसावं लागतं, आणि वरच्या माणसांचा, रीतीभातीचा त्याला पाठिंबा लागतो. शेरीफच्या शिबिरातल्या पोरांना एकत्र जेवायला बसवलं तर त्यांनी एकमेकांवर अन्न फेकलं. पुढं पाण्याची लाइन बंद पडली, ट्रक अडला, तेव्हा रस्सीखेचीचा तोच दोर ट्रकला बांधून सगळ्यांनी मिळून ओढला, आणि असल्या चार-दोन कामांनंतर शिव्या थांबल्या. सलोख्याच्या बैठका मी पुष्कळ पाहिल्या. हार, भाषणं, एकमेकांना पेढे, आणि जेवायला दोन पंगती. त्यापेक्षा जुन्या काळातली सावड बरी होती. तुझा बैल, माझा बैल, पेरणी दोघांची.

तुमच्या दुकानात यातलं तीन चतुर्थांश आधीच आहे. वाटा निम्मा-निम्मा. तो वाइंडिंग करतो, तुम्ही विहिरीवर जाऊन मोटार उतरवता, एकाशिवाय दुसऱ्याचं भागत नाही. नाही ते एवढंच, की घरच्या मोठ्यांचा हात त्यावर नाही. म्हणून वडिलांशी वाद घालू नका, त्यांना दुकानात आणून बसवा. भागीदाराच्या वडिलांनाही बोलवा. दोघांनाही खतावणी दाखवा. गेल्या दोन वर्षांत कुठल्या बाजूचं किती गिऱ्हाईक तुटलं आणि दोघांचं मिळून किती नुकसान झालं, हे आकडे म्हातारी माणसं आपल्यापेक्षा लवकर वाचतात.

उधारीचा नियम एकच करा आणि भिंतीवर लावा. किती महिने थकलं की फोन, किती थकलं की पुढचं काम रोख, हे दोघं मिळून ठरवा. चुलतभावालाही तोच. वहीत आडनाव लिहू नका. पहिलं नाव, गाव, मोटार किती एचपीची, काम काय, एवढ्यावर ओळख पटते. मन बदलायला वेळ लागतो. तोवर नियमानं हात धरलेला बरा. गिऱ्हाईक आत आलं आणि नजर आडनावाकडं गेली तर स्वतःला शिव्या घालत बसू नका. 'मोटार काय करायली?' एवढं आधी विचारायची सवय लावा.

पोराच्या क्रिकेटकडं मात्र लगेच बघा, ते तुमच्या दुकानापेक्षा तातडीचं आहे. मॅट लो नावाच्या अर्थशास्त्रज्ञानं उत्तर प्रदेशातल्या खेड्यांत 1,261 तरुण निवडून त्यातल्या 800 जणांच्या क्रिकेटच्या लीग भरवल्या, अभ्यास 2021 मध्ये छापून आला. काहींना वेगवेगळ्या जातींच्या मुलांबरोबर एका संघात घातलं, काहींचे सामने दुसऱ्या जातींच्या मुलांशी लावले. एका संघात खेळलेल्यांची जातीबाहेर मैत्री वाढली. समोरासमोर खेळलेल्यांच्या बाबतीत ते झालं नाही, उलटच परिणाम दिसला. मैदान तेच, बॅट तीच. तुमच्या गल्लीत 'आपल्यातली टीम' आणि 'त्यांच्यातली टीम' असा सामना रोज चालला तर पोरं रोज संध्याकाळी दोन तास वैराचा सराव करतील. रविवारी स्वतः मैदानावर जा, चिठ्ठ्या टाकून टीम पाडा, बॉल दुकानाकडून द्या. कुणी कुरकुरलं तर बॉल तुमचा आहे, हे लक्षात असू द्या.

राहिलं पुतणीचं लग्न. ताप नव्हता हे भागीदाराला माहीत आहे. बीड जिल्ह्यातल्या तालुक्याच्या गावात कुणाला ताप आला आणि कुणाला नाही, हे मेडिकलवाल्याच्या आधी सगळ्यांना कळतं. 'ही लोकं अशीच' हे वाक्यही त्यानं ऐकलंय. ग्रुपवर कुणाशी भांडण्याआधी, वडिलांना समजावण्याआधी हे काम आहे. घरच्यांना घेऊन त्याच्या घरी जा, पोरीसाठी आहेर न्या. ताप नव्हता, असं त्याच्या भावासमोर सांगा. कारणं सांगू नका, राजकारण काढू नका. तो कदाचित गप्पच राहील, कदाचित दोन शब्द सुनावेल. त्याच्याही ग्रुपवर तेच मेसेज येतात भाऊ, त्याच्या मनात तुमच्याबद्दल काय काय येऊन गेलं असेल ते त्यानं तुम्हाला कधी सांगितलं नाही, एवढंच. जेवायला थांबवलं तर थांबा.

आणि दिवाळीच्या आत जाऊन या. एकदा रब्बीचं पाणी सुरू झालं, विहिरीवरच्या मोटारी जळायला लागल्या, की तुम्हा दोघांनाही मान वर करायला फुरसत मिळणार नाही.